गुण्या, दोन नग

ज्या घरात एकच पेचकस असतो, त्या घरातल्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. हा माणूस चपट्या स्क्रूत तोच पेचकस खुपसतो, फुलीच्या स्क्रूतही तोच खुपसतो, त्यानंच रंगाचा डबा उघडतो, त्यानंच नारळ सोलतो आणि वर स्वतःला हुशार समजतो. स्पष्टच सांगतो, या देशातले निम्मे स्क्रू असल्या लोकांनी वाटोळे करून ठेवले आहेत. उरलेले निम्मे सुरीच्या टोकानं वाटोळे झाले आहेत.

माझ्याकडे एकतीस पेचकस आहेत. लोक हसतात. ज्यांच्या घरी पाहुण्यांसाठी म्हणून सत्तावीस चादरी घड्या घालून ठेवल्या आहेत आणि ज्यांच्याकडे सात वर्षांत पाहुणा फिरकलेला नाही, ते लोक हसतात.

पेचकसांशिवाय पाने आहेत, पकडी आहेत, हातोड्या, करवती, रंधे, पटाश्या, कानशी आहेत. एकूण तीनशे त्रेचाळीस नग. हा आकडा माझा नाही, पोलिसांचा आहे. तो कसा निघाला तेच सांगायला बसलो आहे. इतवारीत लोखंडाच्या दुकानांच्या ओळीत मी गेलो की रिकाम्या हातानं येत नाही. खापरखेड्याच्या कॉलनीतला एक फिटर रिटायर झाला, त्यानं आपला पान्यांचा डबा माझ्या हाती दिला तेव्हा पोरगी सासरी पाठवताना बाप रडतो तसा रडला. रामटेकला दर्शनाला गेलो तर गडाच्या पायथ्याशी एक म्हातारा सुतार भेटला आणि मी सागवानी रंधा घेऊन खालूनच परत फिरलो. रामाचं दर्शन माझ्या वाटचंही बायकोनं घेतलं.

"वापरता का हो इतकी?" हा प्रश्न मला आजवर किमान शंभर जणांनी विचारला असेल. हा प्रश्नच अडाणी आहे. म्युझियममध्ये जाऊन तलवारीकडे बोट दाखवून विचारता का, की हिच्यानं शेवटचं कोणाला कापलं?

ही सगळी हत्यारं आमच्या मागच्या खोलीत राहतात. भिंतभर फळ्या, प्रत्येक हत्याराला जागा, जागेवर चिठ्ठी, आणि आठवड्यातून एकदा तेलाचा फडका. माझी बायको प्रेमलता मात्र स्वयंपाकघरात, फ्रिज आणि गॅसच्या मध्ये शिलाई मशीन लावून बायांचे ब्लाउज शिवते. तिच्या हाताला सफाई आहे, अख्खी कॉलनी तिच्याकडे येते. पण नवरात्राच्या तोंडावर एक बाई ब्लाउज परत घेऊन आली आणि म्हणाली, फिटिंग बराबर आहे, पण घातला की अंगाला फोडणीचा वास येते.

प्रेमलता त्या दिवशी भांडली नाही. ती भांडत नाही तेव्हा मला भीती वाटते. तिनं मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं आणि मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"दसऱ्यापर्यंत," ती म्हणाली. "यातलं एक, फक्त एक हत्यार या घरात कामी येऊन दाखवा. खोली तुमची. मी जन्मात नाव नाही काढणार. नाही तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईन, आन् माही मशीन इथं बसन. पोरींचा शिलाईचा क्लास घेईन."

"कामी म्हणजे?"

"कामी म्हणजे कामी. काम झालं पायजे. मोडलं नाही पायजे."

तीनशे त्रेचाळीस हत्यारांच्या धन्याला ही अट म्हणजे अपमान होता. मी त्याच दुपारी न्हाणीघरातला गळका नळ हाती घेतला. आता नळासाठी कोणता पाना घ्यायचा हे ठरवायलाच मला दीड तास लागला, कारण बाराचा पाना कोरा होता, त्याच्यावर कारखान्याचं ग्रीस होतं. कोऱ्या पान्याला न्हाणीघराचं पाणी लावणं मला पटेना. म्हणून त्याच्याऐवजी चौदाचा घेतला. चौदाचा बाराच्या नटावर फिरतो, पण नट फिरत नाही. नटाचे सहाही कोपरे गुळगुळीत झाले. मग मी जरा जोर लावला आणि नळ भिंतीतून माझ्या हातात आला. पुढं पाणी आलं.

प्लंबर आला. त्याच्याकडे एक पक्कड होती, एकच, खिशात. त्याच पकडीनं त्यानं नळ बसवला आणि जाताना त्याच पकडीत सुपारी फोडून खाल्ली. मी तिकडे पाहिलं नाही.

"हे धरता येईन का?" मी प्रेमलताला विचारलं. "सुरुवात तर माह्याच पान्यानं झाली."

ती न्हाणीघर पुसून राहिली होती. तिनं नुसती बादली माझ्याकडे सरकवली.

मग माझ्या डोक्यात आलं, की घरातली कामं ठरवून ठरवून काय करायची. कॉलनीत पन्नास घरं आहेत. रोज काही ना काही ढिलं होत असेल, अडकत असेल. त्यांनी इथं माझ्या खोलीत येऊन हत्यार न्यावं, काम करावं आणि आणून द्यावं. हत्यार कामी आलं म्हणजे झालं. मी लगेच कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवेदन टाकलं. माझं लेखन साधंसुधं नाही, शिकवणी न लावता आलेलं आहे, त्यामुळे जपून लिहिलं. ते असं:

"सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की माझ्याकडे लहानमोठी सर्व प्रकारची हत्यारे तयार आहेत. ज्यांना गरज असेल त्यांनी निःसंकोच घेऊन जावीत. काम उरकल्यावर स्वच्छ पुसून परत करावीत, डाग राहू देऊ नयेत. कोणाचे मोठे काम अडले असल्यास मी स्वतः येऊन उरकून देईन. कृपया मागच्या दाराने यावे, पुढच्या दारात बायको असते. आपला, बाबाराव."

यात चूक काय आहे ते मला आजही कोणी दाखवून द्यावं.

समोरच्या यमुताईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकी कोणी काही बोललं नाही. यमुताईंनी मात्र तो मेसेज बहिणीला पाठवला, बहिणीनं मैत्रिणींच्या भजनी मंडळाला पाठवला, भजनी मंडळात कोणाचा तरी भाचा होता, आणि दुसऱ्या दिवशी तो मेसेज फिरून कॉलनीत परत आला तेव्हा त्याच्या वर लाल अक्षरात "सावधान" लिहिलेलं होतं आणि खाली माझं नाव तसंच होतं. नवरात्राचा बंदोबस्त सुरू होता. सकाळी अकरा वाजता मागच्या दारावर थाप पडली.

मी आनंदानं दार उघडलं. पहिलं गिऱ्हाईक. दारात हवालदार उभे होते, सोबत दोन शिपाई.

"बाबाराव तुम्हीच काय?"

"हाव. या ना. कोणतं पायजे?"

हवालदारांनी शिपायांकडे पाहिलं. "काय काय हाये?"

"तुम्ही काम सांगा, मी काढून देतो," मी म्हणालो. "लाकडाचं हाय का लोखंडाचं?"

त्यानंतर मला खुर्चीत बसवण्यात आलं आणि पंचनामा सुरू झाला.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक पंच यमुताई झाल्या. त्या इतक्या लवकर आल्या की दाराशीच उभ्या असाव्यात. दुसरे शेजारचे अनंतराव. हे पोस्टातून रिटायर झालेले गृहस्थ, मराठी शुद्ध बोलतात आणि इतरांनीही बोलावं म्हणून जीव खातात.

"बाबाराव, तुम्ही 'अवजारे' लिहायला हवं होतं," ते आल्या आल्या म्हणाले. "हत्यार या शब्दाला हिंसेचा वास आहे."

"अवजार शेतकऱ्याचं असते," मी म्हणालो. "कारागिराचं ते हत्यारच. लोहार काय म्हणते, सुतार काय म्हणते, विचारा जाऊन."

"कारागिराचं ना," अनंतराव म्हणाले. "तुम्ही कारागीर आहात का?"

असे शेजारी देवानं मला का दिले याचा जबाब मी कधी तरी मागणार आहे.

हवालदारांचं नाव चंपतराव. माणूस सरळ होता, पण त्याला एकाही हत्याराचं नाव माहीत नव्हतं. तो फळीवरची वस्तू उचलायचा, मी नाव सांगायचो, तो लिहायचा. सुरुवातीला मला राग होता. पण खरं सांगतो, वीसेक वस्तू झाल्यावर मला बरं वाटायला लागलं. इतक्या वर्षांत माझं एकेक हत्यार हातात घेऊन "हे काय होय" असं आस्थेनं विचारणारा हा पहिला माणूस होता. मी चहा मागवला. प्रेमलतानं आणला आणि माझ्याकडे न बघता ठेवून गेली.

"हे?"

"पाना. बारा-तेरा."

"हे?"

"पाना. चौदा-पंधरा."

"आन् हे काटकोनी काय होय?"

आता इथं थोडं थांबावं लागेल. सुताराकडे लाकूड बरोबर काटकोनात आहे की नाही हे बघायला लोखंडी पट्टीचं एक हत्यार असतं. त्याला गुण्या म्हणतात. पण आमच्या इकडे पाण्याला पानी म्हणतात, लोण्याला लोनी म्हणतात, आणि पोटात आलेला ण ओठावर येईपर्यंत त्याचा न झालेला असतो. मी काही आकाशातून पडलो नाही. मी म्हणालो, "गुन्या."

चंपतरावांचा पेन थांबला. "कोणाचा?"

"माहाच."

"पक्का?"

"हाव जी. दोन हायेत. एक लहान, एक मोठा. लपवायचं काय त्याच्यात?"

चंपतरावांनी माझ्याकडे निराळ्या नजरेनं पाहिलं आणि बराच वेळ लिहिलं. मला वाटलं माणूस प्रभावित झाला.

तीनशे त्रेचाळीस नग गोण्यांत भरून ठाण्यात गेले. गोण्यांत. तेल लावून, चिठ्ठी लावून ठेवलेल्या पटाश्या कानशींच्या अंगावर टाकल्या. कानशीला धार घासली की पटाशी मेली, हे मी जीपमध्ये दोन्ही शिपायांना समजावून सांगितलं. एक म्हणाला, "काकाजी, तुमी आता तुमचं पाहा."

ठाणेदारसाहेब तरुण होते. त्यांनी पंचनामा हातात घेतला, वाचला, परत वाचला.

"चंपतराव, हा पंचनामा किती पानांचा हाय?"

"अकरा, साहेब."

"मग यात 'पान बारा-तेरा, पान चौदा-पंधरा, पान बत्तीस' असं लिहिलं, ती पानं कोठी हायेत?"

"गोणीत, साहेब."

ठाणेदारांनी कपाळ दाबलं. मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि पोलिसाचा आवाज मऊ झाला की समजावं.

"बाबाराव, तुम्ही दोन गुन्हे कबूल केले. एक लहान, एक मोठा. चांगलं केलं. लहाना कोणता?"

"सहा इंची," मी म्हणालो.

"मोठा?"

"बारा इंची."

"कोठी केला?"

"केला नाही साहेब, इतवारीतून आणला. घरी करता येत नाही तो. कोन चुकते."

"कोण चुकते?"

"कोणीही चुकते. माहा मात्र बराबर नव्वदचा हाय."

"नव्वद साली केला?"

इथं मला पहिल्यांदा वाटलं की आपलं काही तरी फसतं आहे. मी गोणीतून गुण्या काढून टेबलावर ठेवला आणि टेबलाचा कोपरा मोजून दाखवला. टेबल काटकोनात नव्हतं. तेही मी सांगितलं, कारण जे आहे ते आहे.

ठाणेदारसाहेबांनी टेबलाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. त्यांनी चंपतरावांकडे पाहिलं, चंपतरावांनी छताकडे पाहिलं. मग साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही कारागीर."

"हाव," मी म्हणालो. सकाळी अनंतरावांनी जो घाव घातला होता तो अजून ओला होता.

"मग झालं. सिद्ध करा, घरी जा. या टेबलाचा खण चार दिवस झाले, अडकून बसला हाय. ठाण्याचा शिक्का आत हाय. काढून द्या. जे पायजे ते हत्यार घ्या."

माझ्यासमोर तीनशे त्रेचाळीस हत्यारं आणि एक खण. जन्मभर मी जिची वाट पाहत होतो ती हीच वेळ. मी पातळ पटाशी काढली. तिच्या पात्यात माझं तोंड दिसत होतं. खणाच्या फटीत वाळलेला डिंक आणि चहा होता.

"साहेब, एखादी जुनी पटाशी मिळेन काय?"

"तुमच्या गोणीत पाहा ना."

"माह्या साऱ्या कोऱ्या हायेत."

मी पटाशी ठेवली, मग दुसरी काढली, ती पहिलीपेक्षा नवी निघाली. शेवटी लाकडी मुठीचा एक पेचकस घेतला, डोळे मिटले आणि खणाच्या कडीत घालून ओढला. कडी माझ्या हातात आली. खण जिथं होता तिथंच. मी टेबल थोडं कलतं करून खालून बघायला गेलो, तर त्याचा डावा पाय निराळा झाला आणि साहेबांचा चहा पंचनाम्यावर गेला. अकरा पानांपैकी चार वाचण्यासारखी उरली.

प्रेमलता तेवढ्यात आली. यमुताईंनी तिला आपल्या स्कूटीवर आणलं होतं. तिनं टेबल पाहिलं, कडी पाहिली, माझ्या हातातला पेचकस पाहिला.

"वहिनी," ठाणेदार म्हणाले, "हे हत्यारं कोणाच्या कामी येतात? खरं सांगा."

"कोणाच्याच नाही जी," प्रेमलता म्हणाली. "बावीस वर्षं झाले लग्नाले. यांनी पुसण्याशिवाय यातल्या कायले काही केलं नाही. एकदा नळ केला, तर प्लंबर बोलवा लागला. हा माणूस डास मारत नाही, उडवून लावते."

"हे लिहून द्यायले बाबाराव तयार हायेत काय?"

आता माझी अडचण बघा. मी लिहून दिलं नाही, तर हत्यारं ठाण्यात जप्त, आणि कोर्टात प्रकरण उभं राहीपर्यंत गोणीत गंज. मी लिहून दिलं, तर प्रेमलताच्या हाती सरकारी कागद, आणि सहा दिवसांनी भंगारवाला. दोन्ही बाजूंनी मीच कापला जाणार होतो, आणि तेही बोथट हत्यारानं.

मी गोणीकडे पाहिलं. वरच रामटेकचा रंधा होता, त्याच्या कडेला टवका उडालेला. मी लिहून दिलं.

चंपतरावांनी सांगितलं तसं, शब्द न् शब्द: "मी लिहून देतो की सदर हत्यारे मी केवळ हौसेखातर बाळगली असून त्यांतील एकही हत्यार आजपावेतो कोणाच्याही कामी आलेले नाही. मला ती वापरता येत नाहीत. लहान व मोठा असे दोन्ही गुण्ये माझे असले तरी गुन्हा एकही नाही."

खाली सही. आणि आता शिक्का. शिक्का खणात.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. चंपतराव उठले, पँट वर घेतली आणि टेबलाच्या खालून बुटाची एक लाथ मारली. खण आपोआप पुढं आला. मी बुटाकडे पाहत राहिलो. साधा सरकारी बूट होता.

घरी आल्यावर मी दोन दिवस खोलीतून बाहेर निघालो नाही. एकेक हत्यार पुसलं, जागेवर लावलं. प्रेमलतानं जेवण दारात आणून ठेवलं. अनंतराव येऊन सांगून गेले की जबाबात 'गुण्ये' हे अनेकवचन अगदी बरोबर आहे. त्यांनाही मी जेवायला थांबा म्हणालो नाही.

दसऱ्याला तीन दिवस उरले असताना प्रेमलता सदर बाजारातून एक फ्रेम करून आली. काचेची, सोनेरी कडेची. आत माझा जबाब, ठाण्याच्या जांभळ्या शिक्क्यासकट. ती सरळ मागच्या खोलीत आली. पाठोपाठ तिनं स्टूलही ओढून आणलं.

"हे काय?"

"क्लासची खोली हाय. भिंतीवर काही तरी पायजे. पोरी विचारतीन, इथं पहिले काय होतं, तर वाचतीन."

"अजून तीन दिवस हायेत."

"मशीन दसरा झाला की बसन. फ्रेम आज लावते." ती स्टुलावर चढली, ब्लाउजला टाचणी लावताना धरते तसा एक खिळा ओठांत धरला आणि मागं न बघता हात लांब केला. हाताला जी लागली ती हातोडी तिनं फळीवरून उचलली.

ती बारा औंसाची, अक्रोडाच्या दांड्याची हातोडी. तिच्या तोंडावर अजून कागद होता. प्रेमलतानं तो नखानं फाडला. तीन ठोके. मला ते छातीत बसले. चौथ्याला खिळा पक्का झाला, तिनं फ्रेम अडकवली, मान मागं करून पाहिली, एका बोटानं सरळ केली.

मी भिंतीकडे पाहिलं. फ्रेम हलत नव्हती. मग माझ्या डोक्यात काही तरी चमकलं, आणि मी जन्मात बोललो नसेन इतक्या हळू आवाजात विचारलं, "बराबर बसली?"

"हाव."

"पडत नाही ना?"

"काहून पडन? मी ठोकलं."

"खिळा वाकला नाही, भिंत फुटली नाही."

"नाही ना बाप्पा. काय विचारून राहिले तुम्ही?"

"म्हणजे हातोडी कामी आली," मी म्हणालो.

प्रेमलता स्टुलावर तशीच उभी राहिली. हातात हातोडी, समोर माझी सही. ती कितीतरी वेळ माझ्याच अक्षरातला जबाब वाचत होती.

"माह्या हातानं आली," शेवटी ती म्हणाली.

"घरात आली पायजे, असं ठरलं होतं. हात कोणाचा, ते नव्हतं ठरलं."

मला वाटलं आता हातोडी माझ्याकडे येते, फेकून. पण ती खाली उतरली, स्टुलावर बसली आणि हातोडी तळहातावर तोलून पाहायला लागली. एकदा हवेत हलवली. परत हलवली.

"चांगली हाय हो," ती म्हणाली. "हाताले वजनच नाही लागत."

इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या हत्यारांबद्दल कोणी बोललं नव्हतं. मी तिला दांड्याचं लाकूड कोणतं, तोंड कसं घडवतात, तोल कुठं असतो हे सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा "असं काय" पण म्हणाली.

"खोली तुमची," ती उठत म्हणाली. "बोलली तर बोलली."

"आन् मशीन?"

"मशीन इथंच बसन. खोली तुमची, हत्यारं तुमचे, पण वापरीन मी. मशीनचं पायडल तीन महिने झाले ढिलं हाय. पेचकस काढा एक."

मी घाईघाईनं सगळ्यात जुना, मुठीचा रंग गेलेला पेचकस काढून तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडात धरून पाहिला, परत माझ्या हातात ठेवला आणि वरच्या फळीकडे बोट केलं, जिथं मी तीस पेचकस ओळीनं लावले होते.

"तो नाही," ती म्हणाली. "तो द्या, ज्याचा अजून कागद निघाला नाही."